स्टारफील्ड माझ्या लॅपटॉपवर नीट चालेल का, आणि त्याविषयी खेळणाऱ्यांची मते इतकी टोकाची का आहेत?

स्टारफील्ड हा अवकाशयानातून ग्रहोग्रही फिरत कथा उलगडण्याचा संगणकीय खेळ आहे, आणि त्याविषयीच्या आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. रायझन ५ ५६००एच प्रोसेसर, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स आणि ८ जीबी रॅम असलेल्या लॅपटॉपवर हा खेळ चालेल का, हा पहिला. आणि मित्र ज्याची तोंड भरून स्तुती करतात त्यालाच स्टीम या ऑनलाइन खेळविक्रीच्या संकेतस्थळावरचे अभिप्राय कंटाळवाणा का ठरवतात, हा दुसरा. सांगलीत विश्रामबागेत संगणक असेंबल करून देण्याचा आणि दुरुस्तीचा माझा व्यवसाय आहे. अभियांत्रिकीची मुले याच खेळासाठी यंत्र घेऊन येतात, आणि मी स्वतःही तो शेवटापर्यंत व त्यापुढील न्यू गेम प्लसमध्ये, म्हणजे शेवटानंतर नव्याने सुरू होणाऱ्या फेरीत, खेळलो आहे. माझ्या मते आपल्या दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे: ज्या रचनेमुळे हा खेळ यंत्राला जड जातो, तीच रचना काहींना मोहात पाडते आणि काहींना तुकड्यातुकड्यांची वाटते.

प्रथम यंत्राविषयी. बेथेस्डा कंपनीने ६ सप्टेंबर २०२३ रोजी हा खेळ बाजारात आणताना किमान गरज म्हणून रायझन ५ २६००एक्स किंवा इंटेलचा आय७ ६८००के प्रोसेसर, जीटीएक्स १०७० टीआय किंवा आरएक्स ५७०० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम आणि एसएसडीवर १२५ जीबी मोकळी जागा असे जाहीर केले होते. आपला प्रोसेसर या मोजमापात सहज बसतो. ग्राफिक्स मात्र बसत नाही, कारण १०७० टीआयकडे ८ जीबी मेमरी आहे आणि १६५० कडे केवळ ४ जीबी. रॅमही निम्मीच आहे. त्यामुळे सगळ्या सेटिंग्ज सर्वांत खाली आणून आणि रेझोल्यूशनचे प्रमाण कमी करून खेळ सुरू होईल, खाणी, प्रयोगशाळा आणि अवकाशातील चकमकी चालवून घेता येतील, पण मोठ्या शहरात शिरताच गती सेकंदाला तीस चित्रांच्या खाली घसरेल. लॅपटॉपमधील ग्राफिक्स बदलता येत नाही. रॅम बदलता येते, आणि या वर्गातील पुष्कळ लॅपटॉपमध्ये ८ जीबीची एकच पट्टी बसवून दुसरा स्लॉट रिकामा सोडलेला असतो. तिथे आणखी ८ जीबीची पट्टी घातली, तर रॅम दुप्पट होतेच, शिवाय दोन पट्ट्या एकत्र काम करू लागल्याने प्रोसेसरकडे माहिती जाण्याचा वेगही वाढतो. हा खेळ मेमरीच्या वेगाला फार संवेदनशील आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर पहिला खर्च हाच करावा.

दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक मुलगा मात्र ग्राफिक्स कार्डाविषयीच विचारतो. महागडे कार्ड बसवूनही न्यू अटलांटिस शहरात खेळ अडखळतो आणि कार्ड तर पूर्ण वापरलेच जात नाही, अशी तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. तिचे कारण प्रोसेसरमध्ये असते. सेकंदाला तीस चित्रे दाखवायची तर प्रत्येक चित्रासाठी सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात आणि साठ दाखवायची तर सुमारे १७. एवढ्या अवधीत प्रोसेसरला शहरातील माणसांच्या हालचाली, वस्तूंचे भौतिकशास्त्र, ध्वनी आणि कोणती गोष्ट कुठे काढायची याच्या आज्ञा असे सारे उरकावे लागते, आणि त्यानंतरच ग्राफिक्स कार्डाला काम मिळते. लग्नाच्या पंगतीत वाढपी कितीही असले तरी आचाऱ्याच्या हातून भाजी उतरत नसेल तर पंगत खोळंबतेच, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच शहरात रेझोल्यूशन कमी करून फारसा फायदा होत नाही. गर्दीची घनता कमी करणे हा तिथे अधिक कामाचा उपाय आहे. सावल्या, धुक्यातून येणारा प्रकाश आणि परावर्तित प्रकाश या सेटिंग्ज खाली आणल्या की कार्डावरचा भार हलका होतो, आणि त्याचा परिणाम ग्रहांवरील जंगलात व मोकळ्या मैदानात अधिक जाणवतो.

एवढा भार येतो कशामुळे? बेथेस्डाच्या खेळांची जुनी खोड अशी, की टेबलावरचा पेला, पेन, डबा ही नुसती सजावट नसते. ती उचलता येते, फेकता येते आणि जिथे टाकली तिथेच नंतर सापडते. या खेळासाठी कंपनीने क्रिएशन इंजिन २ ही खेळ चालवणारी नवी मूळ यंत्रणा वापरली असली तरी हा स्वभाव तिने सोडलेला नाही. खेळ आल्यानंतर थोड्याच दिवसांत कोणीतरी हजारो बटाटे एका खोलीत साठवून दार उघडल्याची चित्रफीत गाजली होती. त्यात प्रत्येक बटाटा स्वतंत्रपणे घरंगळत बाहेर येतो. हे पाहून कोणाला हसू येईल, पण प्रोसेसर काय काम करत असतो हे कळायला त्यासारखे उदाहरण नाही. कन्सोलवरचा निर्णयही याच हिशेबातून झाला असावा. दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांनी जून २०२३ मध्येच सांगितले होते, की एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि सिरीज एस या दोन्हींवर खेळ तीस चित्रांच्या गतीला बांधलेला राहील, कारण त्यांना गतीतील सातत्य हवे होते. सिरीज एक्सवर साठ चित्रांचा पर्याय मे २०२४ मध्ये आला.

संगणकावर खेळणाऱ्यांची नाराजी मात्र केवळ भारापुरती नव्हती. ब्लूमबर्गच्या मुलाखतीत अनुकूलनाविषयी, म्हणजे खेळ यंत्रावर हलका चालेल असा घडवण्याविषयी, विचारले असता हॉवर्ड यांनी, खेळ अनुकूलित केलेला आहे आणि काहींना आपला संगणक अद्ययावत करावा लागेल, अशा आशयाचे उत्तर दिले होते. व्यवसायाच्या दृष्टीने मला हे उत्तर गोड वाटायला हवे, पण ते अर्धेच खरे होते. खेळ आला तेव्हा एएमडीशी असलेल्या भागीदारीमुळे त्यात कमी रेझोल्यूशनचे चित्र मोठे करून गती वाढवणारे फक्त एफएसआर २ हे एएमडीचे तंत्र होते. एनव्हिडियाचे तसेच काम करणारे डीएलएसएस अधिकृतपणे यायला नोव्हेंबर २०२३ उजाडला, आणि तोवर खेळात स्वतः फेरफार करणाऱ्या हौशी मॉडकर्त्यांनी ते काम आपल्या हाताने उरकून टाकले होते. दृष्टीचा आवाका बदलण्याची पट्टी आणि चित्राचा उजेड कमीजास्त करण्याची सोय या साध्या गोष्टीही सुरुवातीला नव्हत्या. एवढ्या मोठ्या कंपनीने असे करावे हे न पटणारे आहे. पुढील सुधारणांनंतर खेळ निश्चितच सुरळीत झाला, म्हणून २०२३ मधील चाचण्यांचे व्हिडिओ पाहून आज निर्णय घेऊ नये.

आपल्याकडच्या दोन अडचणी परदेशी परीक्षणांत सापडत नाहीत. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती आपणच उतरवतो; पंख्यातील धूळ काढून प्रोसेसरवरची पेस्ट बदलली तर याच खेळात पडणारा फरक डोळ्यांना दिसतो. दुसरी अडचण डाउनलोडची. १०० एमबीपीएसच्या फायबर जोडणीवर १२५ जीबी उतरायला पूर्ण वेग मिळाला तरी पावणेतीन तासांहून अधिक वेळ लागतो, आणि दिवसाला दोन जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकवर हा विचार सोडून द्यावा.

आता लोकांच्या मतांविषयी. बेथेस्डाने पंचवीसहून अधिक वर्षांनंतर निर्माण केलेले हे पहिले नवे विश्व असल्याचा बराच गाजावाजा झाला होता. दोन आठवड्यांत खेळणाऱ्यांची संख्या एक कोटीवर गेल्याचे कंपनीने सांगितले. त्यांपैकी पुष्कळांना तो गेम पास या मायक्रोसॉफ्टच्या मासिक वर्गणीत मिळाला होता, आणि वर्गणीत मिळालेल्या खेळाकडून माणसाची अपेक्षा वेगळी असते, पदरचे पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या खेळाकडून वेगळी. स्टीमवरचे मत सुरुवातीला बहुतांशी अनुकूल होते, नंतर ते संमिश्र झाले. गंमत अशी, की त्याच स्टीमवर मतदान होऊन २०२३ चा सर्वांत नावीन्यपूर्ण खेळाचा पुरस्कारही यालाच मिळाला, आणि त्यावरून चेष्टाही बरीच झाली.

नाराजीचे मुख्य कारण प्रवासात आहे. याच कंपनीच्या २०११ मधील स्कायरिममध्ये एका गावाहून दुसऱ्या गावी चालत निघाले की वाटेत गुहा, दरोडेखोर, एखादे ओसाड घर असे काही ना काही भेटत असे आणि मूळ काम बाजूला राहून माणूस भलतीकडेच रमत असे. येथे शंभराहून अधिक ताऱ्यांभोवतीच्या ग्रहमाला आणि हजारावर ग्रह आहेत, पण एका जागेहून दुसरीकडे जायचे म्हणजे नकाशा उघडायचा, ठिकाण निवडायचे, उड्डाणाचे छोटे दृश्य पाहायचे, कक्षेत यायचे, झेप घ्यायची आणि उतरण्याचे दृश्य पाहायचे. ग्रहाच्या वातावरणातून यान स्वतःच्या हाताने उतरवता येत नाही. नो मॅन्स स्काय या दुसऱ्या अवकाशखेळात ते करता येते, त्यामुळे ही तुलना अटळ ठरली. मात्र त्या खेळात प्रत्येक खोलीतला प्रत्येक पेला लक्षात ठेवला जात नाही. तपशील सांभाळणारे इंजिन जग तुकड्यांत भरते, आणि त्या तुकड्यांमधल्या फटी म्हणजेच हे लोडिंगचे पडदे होत. एसएसडी चांगली असेल तर ते काही क्षणांत सरतात, पण वाट हरवते ती हरवतेच.

दुसरी तक्रार ओसाड ग्रहांची. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीच्या प्रतिनिधींनी स्टीमवरील प्रतिकूल अभिप्रायांना उत्तरे देताना म्हटले होते, की काही ग्रह मुद्दामच रिकामे ठेवले आहेत आणि चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांना तिथे काही नसूनही कंटाळा आला नव्हता. या उत्तराची खूप टर उडवली गेली. मला स्वतःला रिकामेपणाचा त्रास झाला नाही. कमी गुरुत्वाकर्षणाच्या उपग्रहावर लांब उड्या मारत, क्षितिजावर मोठा वायुग्रह उगवताना पाहत हिंडण्यात एक निवांतपणा आहे आणि तो इतर खेळांत मिळत नाही. मन उडते ते पुनरावृत्तीने. एका ग्रहावर पाहिलेली गोठलेली प्रयोगशाळा दूरच्या दुसऱ्या ग्रहावर जशीच्या तशी सापडते, त्याच कोपऱ्यात तेच प्रेत, त्याच टेबलावर तीच चिठ्ठी. एकदा असे झाले की पुढच्या इमारतीत शिरण्याची उत्सुकता संपते.

मग स्तुती करणारे आपले मित्र खोटे बोलतात का? नाही. त्यांनी बहुधा हाताने रचलेल्या कथांचा माग घेतला असावा. युनायटेड कॉलनीजच्या व्हॅनगार्ड दलात भरती होऊन उलगडणारी कथा या खेळातील सर्वांत बांधीव आहे. निऑन शहरातील र्‍यूजिन कंपनीची हेरगिरी आणि दोन विश्वांत आलटून पालटून वावरायला लावणारी एक मोहीम यांचीही आठवण राहते. न्यू गेम प्लसची कल्पना तर मूळ कथेतच विणलेली आहे. ती उलगडून मी आपला रस घालवणार नाही, फक्त एवढेच सांगतो की तेव्हा यान, तळ आणि पैसा मागे सोडावा लागतो. यान बांधणीचे दालन हा वेगळाच विषय आहे. दुकानात येणारी मुले कथेपेक्षा तिथेच अधिक रमतात, इंजिन, मालखाना, राहण्याच्या खोल्या जोडत बसतात, आणि बांधलेल्या यानातून प्रत्यक्ष चालताही येते. सुरुवात मात्र संथ आहे. वेक्टेराची खाण आणि क्रीटवरील तळ हे टप्पे पाहून खेळाची पारख करू नये.

पुढील काळात कंपनीने काही उणिवा भरून काढल्या. शहरांचे नीट नकाशे मे २०२४ मध्ये आले, ग्रहावर फिरायला गाडी ऑगस्टमध्ये. ३० सप्टेंबर २०२४ रोजी आलेल्या शॅटर्ड स्पेस या विस्तारात कथा एकाच, हाताने घडवलेल्या ग्रहावर घडते, म्हणजे पुनरावृत्तीच्या तक्रारीला ते उत्तर होते. तरी त्याचे स्टीमवरील अभिप्राय मूळ खेळापेक्षाही प्रतिकूल गेले. किमतीच्या मानाने मजकूर थोडा, ही त्यामागची तक्रार मला रास्त वाटते. तो विस्तार आपण सध्या घेऊ नये.

भाषेचा मुद्दा आपण विचारलेला नाही, पण उपयोगी पडेल: संवाद भरपूर आहेत आणि हिंदी किंवा मराठीचा पर्याय नाही; मात्र उत्तर निवडताना वेळेचे बंधन नसल्याने सावकाश वाचून पुढे जाता येते.

आपल्या जागी मी असतो तर आधी रॅमची पट्टी बसवली असती आणि खेळ लगेच विकत न घेता एका महिन्याचा पीसी गेम पास घेऊन पाहिला असता. त्यातील सेव्ह पुढे स्टीमवर आपोआप जात नाहीत, हे लक्षात असू द्यावे. स्टीमवरच घ्यायचा असेल तर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. हे दोन तास खाणीत आणि क्रीटवर रेंगाळत घालवले तर काहीच कळणार नाही, कारण तो भाग हलका आहे. दृश्ये शक्य तितकी वगळून थेट न्यू अटलांटिस गाठावे, गतीचा आकडा पडद्यावर लावावा आणि यानतळापासून मास्ट इमारतीच्या चौकापर्यंत चालत जावे. मग शहराबाहेरच्या झाडीतही एक फेरी मारावी. दोन्हीकडे आकडा तिशीच्या आसपास टिकला तर खेळ ठेवावा, विशीत घुटमळत राहिला तर त्याच बैठकीत पैसे परत मागावेत.