छातीचा दम आणि पेन्शनची फाइल: ग्वाल्हेरच्या माजी सैनिकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : मी २०११ साली हवालदार म्हणून निवृत्त झालो. शेवटच्या मेडिकल बोर्डाने सीओपीडी (दम लावणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार), ३० टक्के अपंगत्व, कायमचं, असं लिहिलं. पण पुढे ‘सेवेमुळे नाही, सेवेने वाढलेलाही नाही’ असा शेरा मारला. डिसॅबिलिटी पेन्शन मिळाली नाही. आता काही होऊ शकतं का? (थाटीपूर)

होऊ शकतं, पण अर्ज लिहायच्या आधी कागद हातात हवेत. रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याला माहिती अधिकारात अर्ज करा. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. तीन गोष्टींच्या प्रती मागा: रिलीज मेडिकल बोर्डाची पूर्ण कार्यवाही (फॉर्म एएफएमएसएफ-१६), भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी आणि पेन्शन नाकारल्याचं पत्र. बोर्डाचं नुसतं पहिलं पान देतात. ते घेऊन परत येऊ नका, कारण खरा मजकूर विशेषज्ञाच्या मतात आणि कारणांच्या रकान्यात असतो.

तो रकाना नीट वाचा. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असं धरायचं, संबंध नाही हे दाखवण्याचा भार सरकारवर आणि बोर्डाने कारणं द्यायची. ‘सेवेशी संबंध नाही’ एवढ्या एका ओळीवर थांबलेलं बोर्ड इथे लंगडं पडतं.

अडचण येते ती बिडी-सिगरेटपाशी. तंबाखूच्या अतिरेकातून आलेल्या अपंगत्वाला नियमांत भरपाई नाही. तुमच्या इस्पितळाच्या कागदात ‘खूप धूम्रपान’ असं लिहिलं असेल तर ते लपवू नका. समोरचा वकील तोच कागद आधी काढेल. त्यापेक्षा नोकरीने काय भर घातली ते मांडा. एका पानावर तक्ता करा: वर्ष, युनिट, ठिकाण, तिथे काय होतं, कुठल्या इस्पितळात दाखल झालात. उंचावरच्या बंकरमधली रॉकेलची बुखारी (खोली तापवायची शेगडी), बोगदे खणताना उडणारी दगडाची भुकटी, वेल्डिंग, दर हिवाळ्यात छातीसाठी भरती, हे सगळं त्यात यावं. वर्णन एका ओळीचं पुरे. पण प्रत्येक ओळीला सर्व्हिस रेकॉर्डचा आधार पाहिजे.

मग पहिलं अपील आणि ते फेटाळलं तर दुसरं. प्रत्येकाला सहा महिन्यांची मुदत असते. तुमची उलटलीच आहे, तेव्हा उशिराचं कारण लिहून द्या. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. मध्य प्रदेशासाठी खंडपीठ जबलपूरला आहे. पेन्शन दरमहा बुडते, म्हणून नुकसान चालूच राहतं असं मानतात आणि उशीर झाला तरी दावा ऐकला जातो. मात्र २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून थकबाकी सहसा अर्ज केल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच देतात. एक वर्ष रेंगाळलात की एक वर्षाचे पैसे गेले.

मंजूर झालं तर तुमचे ३० टक्के ५० धरले जातात. २० ते ४९ चे ५०, ५० ते ७५ चे ७५ आणि ७६ पासून पुढे १००. मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही हे लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार प्रकरणात मान्य केलं. १०० टक्क्यांना शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असा हिशेब असतो. समजा वेतन ३०,००० धरलं, तर १०० टक्क्यांना ९,००० आणि ५० टक्क्यांना ४,५००, त्यावर महागाई भत्ता. २१ सप्टेंबर २०२३ नंतर सुटलेल्यांना मात्र नवे नियम लागतात. त्यांनी जुन्या सोबत्याचा अर्ज नाव बदलून लावू नये.

प्रश्न : दोन-दोन पंप घेतो, तरी महाराज बाड्यावरून चालत घरी येताना दोनदा थांबावं लागतं. औषध बदलू का? (लष्कर भाग)

औषध बदलण्याआधी पंप घेण्याची पद्धत डॉक्टरांसमोर करून दाखवा. फवाऱ्याचा पंप आणि कॅप्सूलचा पंप यांची रीत अगदी उलट आहे, आणि दोन्ही असले की माणूस गोंधळतो.

फवाऱ्याचा पंप हलवा, स्पेसरला (पंपापुढे लावायच्या प्लास्टिकच्या नळकांड्याला) लावा, श्वास पूर्ण बाहेर सोडा. ओठ घट्ट मिटून एकदाच दाबा आणि चार-पाच सेकंद सावकाश आत घ्या. जोरात ओढलं तर औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतं आणि तिथेच राहतं. दहा सेकंद श्वास धरा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटाने. कॅप्सूलच्या पंपात मात्र झटक्यात आणि जोरात ओढायचं, नाहीतर भुकटी सुटतच नाही. त्यात श्वास सोडायचा नाही, तोंडाच्या वाफेने भुकटीचे गोळे होतात. कॅप्सूल उघडून बघा: आत पांढरं राहिलं असेल तर पुन्हा ओढा.

स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसाच निथळू द्या. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज चढते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

चालताना दम लागला की नाकाने घ्या आणि मेणबत्ती हलवावी पण विझवू नये, अशा बेताने ओठ मुडपून सोडा. सोडायला घेण्याच्या दुप्पट वेळ. आणि फुंकायची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, वर्षातून एकदा करून तिचा कागद जपा. पंप घेतल्यानंतर पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा आणि एकूण फुंकलेली हवा यांचं गुणोत्तर ०.७० च्या खाली असणं ही सीओपीडीची खूण आहे. पहिल्या सेकंदाचा आकडा अपेक्षेच्या ५० टक्क्यांखाली गेला तर आजार तीव्र गटात जातो. बोर्डाने दिलेली टक्केवारी सहसा आयुष्यभराची असते, पण आजार वाढला तर फेरतपासणी तुम्ही स्वतः मागू शकता. त्या वेळी हेच कागद बोलतात.

प्रश्न : यजमानांना घरी ऑक्सिजन मशीन दिलंय. रात्री दम लागला की मी २ वरून ४ वर करते. चालतं ना? दिवे गेले की काय करायचं? (मुरार)

नाही वहिनी, हे आजपासून बंद करा. या आजारात काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि जास्तीचा ऑक्सिजन तो आणखी वाढवतो. सकाळी डोकं जड, दिवसा पेंग, बोलताना अडखळणं ही त्याची चिन्हं. तसं दिसलं तर लगेच इस्पितळ. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजनचा आकडा ८८ ते ९२ पुरे. ९८ च्या मागे लागू नका. थंडीत गार बोटावर आकडा चुकतो, तेव्हा हात चोळून, पाच मिनिटं बसवून मग बघा.

फायदा व्हायला दिवसाचे किमान १५ तास लावावं लागतं, झोपेसकट. ३५० वॅटचं मशीन १५ तासांत सव्वापाच युनिट खातं, म्हणून घरच्या लहान इन्व्हर्टरवर भरवसा नको. बी-टाइप सिलिंडर भरून ठेवा: सुमारे १,५०० लिटर, मिनिटाला २ लिटरच्या वेगाने साडेबारा तास. मशीनच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी रोज नवं, मागची जाळी आठवड्याला धुवा, मशीन भिंतीपासून हातभर दूर. डिसेंबर-जानेवारीत खोलीत सिगडी पेटवू नका. समई-उदबत्तीही दुसऱ्या खोलीत. नाकाला व्हॅसलीन नको.

मशीन विकत घ्यायचं असेल तर थांबा: छातीच्या विशेषज्ञाची चिठ्ठी आणि रक्तातल्या वायूंचा रिपोर्ट घेऊन ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमध्ये आधी मंजुरी घेतली की खर्च मिळतो. मागाहून बिल लावलं तर अडतं.

प्रश्न : सीओपीडीवर सरकारी अपंगत्व प्रमाणपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, मिळेल का?

नाही. २०१६ च्या कायद्यातल्या २१ अपंगत्वांत फुफ्फुसाचा आजार नाही. लष्करी टक्केवारी आणि ते कार्ड यांचा एकमेकांशी संबंध नाही. कुणी पैसे घेऊन कार्ड काढून देतो म्हणालं तर देऊ नका.

प्रश्न : रात्री अचानक वाढलं आणि जवळच्या, ईसीएचएसच्या पॅनेलवर नसलेल्या इस्पितळात न्यावं लागलं, तर बिल बुडतं का?

नाही बुडत, पण ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवलं पाहिजे. फोनवर थांबू नका, मुलाला कार्डाची प्रत आणि अर्ज देऊन पाठवा आणि पोच घ्या. डिस्चार्ज कार्डावर ‘आपत्कालीन’ हा शब्द आणि दाखल करतानाचा ऑक्सिजनचा आकडा दोन्ही लिहून घ्या. धाप आधीपेक्षा वाढली, कफ जास्त झाला, त्याचा रंग हिरवा-पिवळा झाला, यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर रात्रीची वाट बघू नका, दुपारीच दाखवा. आणि ओठ निळसर पडले किंवा एक वाक्य सलग बोलता येईना, तर पॅनेल बघायला वेळ नसतो. सर्वांत जवळचं इस्पितळ गाठा.