लवचीक रोबो-हात: न्यूरल नेटवर्कच्या आधी टिचकी

लवचीक रोबो-हात म्हणजे मुळाशी मोटर लावलेली, वाकणारी पट्टी. तुझ्या प्रकल्पात तिची थरथर थांबवायची असेल, तर थेट न्यूरल नेटवर्कवर (उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम) उडी मारू नकोस. आधी मोटरचा शाफ्ट घट्ट धरून पट्टीच्या टोकाला टिचकी मार आणि मुळाशी चिकटवलेल्या स्ट्रेनगेजचा (पट्टी किती वाकली ते सांगणारा सेन्सर) सिग्नल नोंदव. पहिल्या मोडची (सर्वात संथ कंपनाची) वारंवारिता आणि डॅम्पिंग (कंपन किती लवकर विरतं) त्यातूनच मिळतं. टोकाला वजन लावलं की वारंवारिता उतरते, तीही मोजून ठेव.

मग इनपुट शेपिंग, म्हणजे मोटरला द्यायची आज्ञाच अशी घडवायची की कंपन उरू नये. सिंगर आणि सीरिंग यांचा 1990 चा शोधनिबंध वाच. आज्ञेचे दोन तुकडे करायचे, दुसरा अर्ध्या आवर्तनाने उशिरा सोडायचा. दोन्हींची कंपनं एकमेकांना खोडतात. जादा सेन्सर लागत नाही. फक्त वारंवारिता पीडी लूप (चूक आणि ती बदलण्याचा वेग पाहून मोटर चालवणारं नियंत्रण) चालू असतानाची घे, ती थोडी वेगळी येते.

खरी डोकेदुखी टोकाच्या फीडबॅकची, म्हणजे टोक कुठे आहे ते मोजून त्यावरून मोटर चालवण्याची. मोटर मुळाशी, सेन्सर टोकाला. मोटर ढकलली की टोक आधी क्षणभर उलट्या दिशेला जातं, त्यामुळे गेन (चुकीला मोटरने किती जोरात प्रतिसाद द्यायचा तो आकडा) जरा चढवला की सगळंच थरथरायला लागतं. फझी कंट्रोलर ('थोडं', 'जास्त' अशा ढोबळ नियमांवर चालणारा) आणलास तरी हे भौतिकशास्त्र बदलत नाही (तुझ्या मार्गदर्शकांना ते नाव कितीही आवडो). मुळाशी साधा पीडी ठेव. वजन बदललं की गेन जुळवायचं काम फझीला दे. आणि सिम्युलेशनमध्ये गिअरबॉक्सचं घर्षण, बॅकलॅश (दात्यांमधली ढिलाई) घातल्याशिवाय त्यातल्या सुंदर आलेखांवर भाळू नकोस.