खारघरहून एकट्यानं निवांत सायकल : धोदाणीचा रस्ता धरा

तुम्ही विचारलंय, खारघरहून एकट्यानं निघायचंय, दिवसभर रमतगमत फिरायचंय, ट्रक नकोत आणि सायकल साधी हायब्रिड, म्हणजे रोड आणि माउंटन बाइकच्या मधली आहे. बहुतेक जण अशा वेळी चिरनेर सुचवतात. चिरनेर मलाही आवडतं, १९३० च्या जंगल सत्याग्रहाचं गाव आहे ते. पण तिथे पोचेपर्यंत न्हावा-शेव्याचे कंटेनर कानाशी लागून जातात, त्यात निवांतपणा कुठला?

माझं गणित सोपं आहे. किलोमीटर बघू नका, रस्ता कुठे संपतो ते बघा. जो रस्ता डोंगराच्या पायथ्याशी संपतो त्यावरून पुढे कुठे जाताच येत नाही, त्यामुळे घाईतली वाहनं तिकडे वळत नाहीत. गावची एसटी, दुधाच्या मोटारसायकली आणि शेताकडे निघालेली माणसं, एवढंच उरतं. ठाण्याचं येऊरही तसंच, पण रस्ता अगदीच तोकडा आणि सकाळी चालणाऱ्यांची गर्दी.

म्हणून नवीन पनवेल, सुकापूर, नेरे, मालडुंगे, धोदाणी. याला माथेरान रोड म्हणतात, पण गाडी माथेरानला जात नाही. धोदाणीला रस्ता संपतो, पुढे माथेरानच्या सनसेट पॉइंटची पायवाट चढते. खारघरहून जाऊन-येऊन ५०-६० किलोमीटर होतात. हायब्रिडला काहीच जड नाही.

कंटाळवाणा भाग आधी सांगतो. कळंबोली सर्कल उजाडायच्या आत पार करा, पुढे-मागे दिवे लावून. सुकापूर ते नेरे सगळीकडे बांधकामं चालू आहेत, डंपर असतात, रस्त्यावर खडी सांडलेली असते. नेऱ्याला चहा घ्या. तिथून पुढे रस्ता अरुंद होतो, गाढी नदी जवळपास असते, समोर प्रबळगड आणि माथेरानचा डोंगर मोठा होत जातो. भात कापणीच्या दिवसांत जा. खाचरं पिवळी, बांधावर पेंढ्या, कुठे खळ्यावर झोडणी चाललेली. थांबून दोन शब्द बोला, 'कुठून आलात' हा प्रश्न येतोच, आणि 'सायकल केवढ्याची' हाही. (खरी किंमत सांगू नका, विनाकारण काळजी करतात.)

पावसाळ्यात देखावा जास्त सुंदर, पण गाढेश्वर धरणाकडे सुट्टीच्या दिवशी मोटारींची रांग लागते आणि बऱ्याचदा बंदीही असते. जायचंच तर मधल्या वारी जा, आणि ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर सरळ मागे फिरा. एप्रिल-मेमध्ये घामानंच जीव जातो. तरी करवंदांसाठी एक सकाळ काढायला हरकत नाही.

एकट्यानं जाण्यातली खरी अडचण पंक्चरची. नेऱ्याच्या पुढे दुकानाच्या भरवशावर राहू नका. सुटी ट्यूब, दोन टायर लिव्हर (रिमवरून टायर उचकटायच्या पट्ट्या) आणि छोटा पंप हवाच. काटा काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. टायरच्या आतून बोट हळूच फिरवा, बाभळीच्या काट्याचं टोक बाहेरून दिसत नाही पण बोटाला लागतं. आणखी एक, तुमचा वॉल्व्ह बारीक, म्हणजे प्रेस्टा असेल तर मोटारसायकलच्या हवेचा नळ त्याला बसत नाही. पितळेचा छोटा अ‍ॅडॉप्टर अगदी स्वस्तात मिळतो, तो वॉल्व्हलाच लावून ठेवा.

कुत्री अंगावर आली तर जोरात पेडल मारू नका, पळणाऱ्याच्याच मागे लागतात. उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत पुढे जा, हद्द संपली की तीच परत जातात. डोंगराजवळ मोबाईलची रेंज जाते, म्हणून नेऱ्याहूनच घरी फोन करून परतायची वेळ सांगा. पाणी दोन बाटल्या, आणि शंभर-दोनशे रुपये सुटे. गावातल्या टपरीवर यूपीआय असतो, पण रेंज नसली की तोही नाही.

परतताना सुकापूरला संध्याकाळची गर्दी भारी असते, म्हणून धोदाणीहून दुपारी तीनच्या आत निघा. पाय अगदीच थकले तर पनवेलहून लोकलच्या लगेज डब्यात सायकल चढवता येते, सामानाचं तिकीट तेवढं आधी काढा.