गोव्यात पावसाळ्यात सायकलची चेन गंजते, गिअर घसरतो. जीएसटी उतरलाय तर सगळंच नवीन घालावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मागे आठ गिअरची (आठ स्पीड), रिम ब्रेकवाली (चाकाच्या धातूच्या कडेवर, म्हणजे रिमवर, पॅड दाबणारे ब्रेक) हायब्रिड सायकल, आठवड्यातून तीनदा रायबंदरहून फेरीबोटीने चोडण नाहीतर दिवाडी बेटावर. पंधरा दिवसांत चेन लाल, चढावर जोर दिला की मागे खटकन् घसरते. त्यात मिरामारच्या चहावर सगळ्यांचा एकच धोशा की जीएसटी कमी झाला, आता चेन, कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा), चेनरिंग (पॅडलजवळची मोठी दातेरी चकती) सगळं बदलून टाक.

करातलं आधी उरकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिचे सुटे भाग, दोन्हींवर १२ ऐवजी ५ टक्के जीएसटी आहे. मूळ किंमत ४०,००० असलेल्या सायकलवर २,८०० रुपये वाचतात, ही रक्कम जाणवते. हजाराच्या चेनवर वाचतात सत्तर. सत्तर रुपयांसाठी चालती चेनरिंग कोणी फेकत नाही.

काय बदलायचं ते स्टीलची पट्टी सांगते. चेन ताणलेली ठेवा, एका पिनच्या मध्यावर शून्य लावा आणि तिथून चोविसावी पिन कुठे येते ते बघा. नव्या चेनवर ती बरोबर १२ इंचांवर, म्हणजे ३०४.८ मिमीवर असते. आठ स्पीडला ३०७ मिमी दिसले की चेन बदला. ३०८ला टेकली असेल तर कॅसेटही बहुधा गेलीच. अकरा-बारा स्पीडवाल्यांनी ३०६.३लाच चेन बदलावी. चेन ‘लांबते’ असं आपण म्हणतो, पण पोलाद ताणलं जात नाही. पिना आणि त्यांच्याभोवतीची भोकं झिजतात आणि प्रत्येक सांध्यात केसभर ढिलाई येते.

घसरण्याचे तीन प्रकार असतात आणि ते एकमेकांत मिसळले की खर्च वाया जातो. जोर दिल्यावर फक्त एक-दोन ठरावीक गिअरवरच घसरत असेल तर कॅसेटच्या त्या चकत्यांचे दाते झिजलेत. केबल कितीही पिळा, उपयोग नाही. सगळ्याच गिअरवर खरखर किंवा उशिरा बदल होत असेल तर केबल गंजलीय किंवा डिरेलरचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग) हँगर, म्हणजे तो लटकतो ती पट्टी, वाकलाय. आणि ठरावीक अंतराने एकच झटका बसत असेल तर एक कडी गंजून ताठ झालीय. ११४ कड्यांची चेन आणि पुढे ४२ दाते असतील तर हा झटका साधारण पावणेतीन पॅडलफेऱ्यांनी येतो. पॅडल हळू उलटं फिरवत डिरेलरच्या खालच्या चाकाकडे बघा, ताठ कडी तिथे उडी मारते. ती अंगठ्यांनी आडवी वाकवून मोकळी करा, तेल घाला, झालं. पंधरा दिवसांत गंजणाऱ्या चेनला हाच आजार जास्त संभवतो, म्हणून पाकीट काढण्याआधी हे बघा.

नवी चेन घातल्यावर जुनी कॅसेट घसरू लागली तर ती बदलावीच लागेल. चेनरिंग मात्र दोन-तीन कॅसेटना सहज पुरते. दाते शार्कच्या परासारखे एका बाजूला झुकलेले दिसेपर्यंत तिला हात लावू नका.

आता मूळ दुखणं. नुसत्या पावसाच्या पाण्यापेक्षा मिठाने गंज लवकर चढतो. रायबंदरच्या धक्क्यावर मांडवी नदीच्या पाण्यात भरतीला समुद्राचं खारं पाणी मिसळतं आणि बोटीचा रॅम्प त्यातच टेकतो. (जुलै २०२५ पासून चोडणला रो-रो (गाड्या थेट चढवता-उतरवता येणाऱ्या) बोटी आहेत, पण पाणी तेच.) रॅम्पवर शेवाळ असतं, तेव्हा सायकल हातात धरूनच चढा-उतरा. घरी आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याची बादली आणि तांब्या घेऊन सायकल धुवा. दुसऱ्या दिवशीवर ढकललंत तर रात्रीत लाली येते. दुचाकी सर्व्हिसिंगवाल्याकडच्या जेटने मात्र कधीच धुऊ नका. तो फवारा हब (चाकाचा मधला भाग) आणि बीबी (बॉटम ब्रॅकेट, पॅडलचा आस फिरतो तो भाग) यांच्या सिलातून आत जातो, ग्रीस धुतलं जातं आणि महिन्याभराने बेअरिंग कुरकुरू लागतात.

चेनसाठी शंभर मिली डिझेल आणि जुना टूथब्रश पुरे. घासा, भांड्यांच्या साबणाने डिझेल काढा, गोड्या पाण्याने धुवा, कापडाने पुसून तासभर वाळू द्या. मग प्रत्येक रोलरवर (कडीतली फिरती नळी) वेट ल्यूबचा (पावसात टिकणारं चेनचं तेल) एकच थेंब, पॅडल वीस-तीस वेळा उलटं, आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. ही शेवटची पायरी लोक गाळतात. तेल पिनांच्या आत लागतं, बाहेर राहिलं तर ते फक्त जांभ्याची लाल माती धरतं. डिचोली-साखळीकडे खनिजाच्या ट्रकांच्या वाटेवर जात असाल तर आणखीच. सोनार पॉलिशला जी लाल पूड वापरतात ती आयर्न ऑक्साइडच असते, इथे ती वाळूच्या कणांसकट तुमच्या चेनला पॉलिश करते. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला चांगलं, पण ते चेनचं तेल नव्हे. खोबरेल घालू नका.

ब्रेक पॅडमध्ये तीच माती रुतते आणि रिम खरवडते. पंधरवड्याला चाक काढून पॅडमधले खडे आणि चकाकणारे अॅल्युमिनियमचे कण सुईने टोचून काढा, वरून सँडपेपर फिरवा. चाक बांधून घ्यायची वेळ आली तर स्पोकची निपलं (स्पोक रिमला धरणारे छोटे नट) पितळेची मागा. खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमची फुटतात.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं सीटपोस्टकडे, म्हणजे सीट ज्या दांड्यावर बसते त्याच्याकडे. स्टीलची फ्रेम, अॅल्युमिनियमचा सीटपोस्ट आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच. अॅल्युमिनियम गंजून फुगतं आणि पोस्ट जाम होतो. पावसाळ्यात महिन्याला एकदा उंचीच्या खुणेवर टेप लावून पोस्ट बाहेर काढा, सायकल उलटी करून नळीत साचलेलं पाणी ओता, ग्रीस लावून परत बसवा. फ्रेम किंवा पोस्ट कार्बन फायबरचा असेल तर ग्रीस नको, कार्बन पेस्ट (पकड वाढवणारा लेप). आधीच जाम झाला असेल तर हातोडा मारू नका. क्लॅम्प सैल करून पेनिट्रेटिंग ऑइल (फटीत झिरपणारं तेल) सोडा, रात्रभर ठेवा, मग सीट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवी पिळा. तीन रात्रींत हलला नाही तर मेकॅनिककडे न्या. पोस्ट कापून काढावा लागला तरी फ्रेम वाचते.