संविधान शिकवायला लागलीस, त्यानिमित्ताने

पहिल्याच वर्षी तुला संविधान शिकवायला मिळालं, फार आनंद झाला. एक विनंती आहे. केशवानंद भारती खटल्याचा निष्कर्ष, म्हणजे संसदेला घटनेची मूलभूत चौकट बदलता येत नाही हा, पहिल्या तासाला फळ्यावर लिहू नकोस. तो मुलं गाईडमधूनही पाठ करतात. १९७३ साली १३ न्यायमूर्ती बसले आणि निकाल ७ विरुद्ध ६ असा लागला, एवढंच सांग आणि आधी त्या सहा जणांची बाजू मुलांना मांडायला लाव. घटनादुरुस्तीच्या कलम ३६८ खाली संसदेला घटना हवी तशी का बदलता येऊ नये? मूळ निकालपत्रातले उतारे वाचून त्यांना भांडू दे. मराठी माध्यमातून आलेली मुलं आधी मराठीत बोलली तरी चालेल. युक्तिवाद जमला की इंग्रजी मागाहून येते.

प्रश्न विचारल्यावर वर्ग गप्प झाला तर घाईने स्वतःच उत्तर देऊ नकोस. तू गाणं शिकली आहेस, तुला हे पटेल. विलंबित ख्यालात गायक पहिल्याच आवर्तनात सगळा राग उघडत नाही, एकेक स्वराने बढत करतो. तासही तसाच वाढू दे.

आणि रियाज सोडू नकोस, हे मी अगदी कळकळीने सांगतो. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आयुष्यभर येत राहतात (प्रशासनाची कामंही). सकाळचा पहिला तास तानपुऱ्यासाठी राखून ठेव आणि डिसेंबरातल्या 'सवाई गंधर्व' संगीत महोत्सवासाठी रजेचा अर्ज वेळेत देऊन टाक.