चिपटं म्हणजे नेमकं किती?

तुमचा प्रश्न असा: आजेसासूबाईंच्या वहीत चकलीच्या भाजणीला ‘तांदूळ पायली, हरभरा डाळ अधोली, उडीद डाळ शेर, धने चिपटं’ असं लिहिलंय, तर चिपटं म्हणजे किती ग्रॅम?

ग्रॅममध्ये सांगता येणार नाही, कारण चिपटं हे वजन नाही, धान्य मोजायचं भांडं आहे. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. म्हणजे चिपटं पाव शेराचं. चिपट्याच्या खाली कोळवं आणि निळवंही होतं, पण भाजणीत ती कशाला येतील!

‘पाव शेर म्हणजे २५० ग्रॅम’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. मंडईत आपण पावशेर मिरच्या मागतो तो शेर वजनाचा, हा मापाचा. एकाच भांड्यात तांदूळ आणि धने भरून पाहा, धन्यांचं वजन तांदळाच्या निम्म्याहूनही कमी भरेल. २५० ग्रॅम धने घातलेत तर चकलीला दुसरी चवच उरणार नाही. शिवाय पायली गावागणिक लहानमोठी असायची. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, तरी खेड्यांतल्या खळ्यांवर पायली-शेर त्यानंतरही बरीच वर्षं चालले. आमच्याकडे मापून टाकताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. मग दोन, तीन.

तुम्हाला हवंय ते प्रमाण, आणि ते वहीत चोख आहे. सगळ्याची चिपटी करा: तांदूळ १६, हरभरा डाळ ८, उडीद डाळ ४, धने १. एवढी भाजणी आज कोण करतंय? चौथा हिस्सा घ्या. घरातली कुठलीही एक वाटी धरून तांदूळ ४ वाट्या, हरभरा डाळ २, उडीद डाळ १ आणि धने पाव वाटी. वहीत जिऱ्याचं माप दिसत नाही, बहुधा ते हातानेच पडत असावं. पाव वाटीहून थोडं कमी घाला.

एक मात्र सांभाळा. जुन्या मापाला बहुतेकदा शीग लावत, म्हणजे वर निमुळता ढीग येईपर्यंत भरत. तुम्ही शीग लावा नाहीतर वाटी सपाट भरा, पण जे कराल ते सगळ्या जिनसांना सारखंच करा, आणि धान्य धुवायच्या आधी मोजा.