गाडीतली रिकामी जागा

"ताई, प्रभू येशूच्या नावात सलाम. आम्हाला परदेशात येऊन नऊ वर्षं झाली. पूर्वी मी संडे स्कूल घ्यायचे, हे तरुण संघाचे सेक्रेटरी होते. इथे आल्यापासून फक्त उपासनेला जातो आणि आशीर्वाद झाला की निघतो. कुणी काही काम सांगितलं की माझं उत्तर ठरलेलं: इंग्रजी जमत नाही, मुलं लहान आहेत. यांचं म्हणणं, शिफ्ट सांभाळताना जीव मेटाकुटीला येतो. शिवाय आपल्या जुन्या मंडळीला, म्हणजे गावाकडच्या चर्चला, दर महिन्याला पैसे पाठवतोच, ती सेवाच की. मागे इथल्या एका आजींनी मला विचारलं, रविवारी येताना मला घेऊन येशील का? त्यांचं घर आमच्या वाटेवरच आहे. मी 'बघून सांगते' म्हटलं आणि सांगितलंच नाही. आता त्या उपासनेला दिसत नाहीत. मला अपराधी वाटतं. हे म्हणतात, उगाच मनाला लावून घेतेस. कोण बरोबर?"

प्रिय भगिनी, सलाम.

'बघून सांगते' हा आपल्या भाषेतला सगळ्यात सभ्य नकार. मीही तो भरपूर वापरला आहे, म्हणून आधी माझंच सांगते. परदेशात आल्यावर पहिल्याच वर्षी पाळकांनी मला शास्त्रपाठ वाचायला सांगितलं. माझे उच्चार चांगले नाहीत, असं म्हणून मी हात जोडले. त्याच आठवड्यात ऑफिसात मी त्याच उच्चारांनी तासभर बोलले होते, समोर वीस माणसं होती. तिथे पगार होता, म्हणून जीभ चालली. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. माझी गंमत अशी की मला नाचता येत होतं. अंगण मी मुद्दाम वाकडं ठरवलं होतं.

तरी तुझ्या नवऱ्याची बाजू आधी घेते. देवाच्या सेवेसाठी 'नाही' म्हटलं की ती सबबच, असं मला वाटत नाही. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात लढाईला निघालेल्या लोकांपैकी काहींना चक्क घरी पाठवलं आहे: ज्याने नवं घर बांधलं तो, ज्याने द्राक्षमळा लावला तो, ज्याची सोयरीक झाली तो. चोविसाव्या अध्यायात तर नवविवाहिताला वर्षभराची सूट आहे. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. मग उठवून पुन्हा एकदा खाऊ घातलं. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला झोप हवी असेल तर ती द्यावी. मंडळीतल्या कुणी त्यावरून टोमणा मारला तर तो मनावर घेऊ नये.

मग लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात मेजवानीचा यजमान का रागावला? तिथेही बोलावलेल्यांनी यायचं टाळलं: एकाने शेत घेतलं होतं, दुसऱ्याने बैलांच्या पाच जोड्या, तिसऱ्याचं लग्न झालं होतं. यात पाप कुठलंच नाही. पण शेत पळून जाणार नव्हतं, बैल दुसऱ्या दिवशीही तपासता आले असते. लग्नाचं म्हणशील, तर 'आधी लगीन कोंडाण्याचं' हे ऐकत वाढलेल्या आपल्याला ते वेगळं सांगायला नको. शेत, बैल, बायको यांच्यापैकी कुणीही त्यांना अडवलं नव्हतं. त्यांनाच जायचं नव्हतं.

कारण आणि सबब ओळखायला मी मोशेची गोष्ट वापरते. 'निर्गम' या पुस्तकाचा तिसरा-चौथा अध्याय आज रात्री दोघं मिळून वाचा. देव मोशेला मिसरच्या गुलामीतून आपल्या लोकांना सोडवायला पाठवतो. मोशे विचारतो, मी कोण? देव म्हणतो, मी तुझ्याबरोबर असेन. तो विचारतो, तुझं नाव काय सांगू? देव नाव सांगतो. लोक विश्वास ठेवणार नाहीत म्हटल्यावर देव विचारतो, तुझ्या हातात काय आहे? हातात असते मेंढपाळाची काठी, आणि तीच खूण होते. मोशे म्हणतो, मी जिभेचा जड आहे. देव म्हणतो, तोंड कुणी दिलं? चार अडचणी, चार उत्तरं, आणि तोवर देव रागावलेला नाही. पाचव्या वेळी मोशेकडे अडचणच उरलेली नसते. तो म्हणतो, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. तेव्हा राग येतो. आणि त्या रागातही देव त्याच्या भावाला, अहरोनाला, सोबतीला देतो, हे मला फार आवडतं. मोशे तेव्हा ऐंशी वर्षांचा होता. 'आता वय राहिलं नाही' असं कुणी म्हणालं की मला हा आकडा आठवतो.

म्हणून स्वतःला एवढंच विचार: ही अडचण उद्या दूर झाली, तर मी ते काम करीन का? 'हो' आलं तर ते कारण. त्यावर उपाय शोधता येतो. मनात लगेच दुसरी अडचण उभी राहिली, तर ती सबब. तुझ्याच पत्रात बघ ना. आजींना गाडीत बसवायला इंग्रजी लागत नाही. मुलं गाडीत असतातच. वाट तीच, वेळ तीच. तुझ्या नेहमीच्या दोन्ही अडचणी इथे नव्हत्या, तरी उत्तर तेच आलं. म्हणूनच ते तुला टोचतं आहे, आणि ते टोचणं मला चांगलं लक्षण वाटतं.

सबबीच्या खाली बहुधा भीती असते. माझी होती हसं होण्याची. तुझी, माझा अंदाज, अडकण्याची: एका रविवारी आणलं की दर रविवारी आणावं लागेल. ही भीती खोटी नाही. पण ती इंग्रजीच्या नावाखाली लपवली की तिच्यावर इलाज होत नाही. उघड बोलता येतं: महिन्यातून दोन रविवार मी आणीन, बाकीचे दुसरं कुणीतरी. मर्यादा घालून केलेली सेवा ही सेवाच असते.

पैशांबद्दल थोडंच. पाठवत राहा, थांबवू नका. पण प्रेषित पौल मासेदोनियातल्या मंडळ्यांबद्दल लिहितो की त्यांनी आधी स्वतःला प्रभूला दिलं. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. तुम्ही पाठवता ते पैसे त्या मंडळीला उपयोगी पडतात, पण इथे शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसाला तुमचं नावही ठाऊक नसतं.

'आपण इथे पाहुणे, इथल्या लोकांचं त्यांना बघू दे' हेही आपल्या घरांत पुष्कळ बोललं जातं. तू लिहिलं नाहीस, पण नऊ वर्षांत मनात आलंच असेल. अशा वेळी मी बायबलमधल्या अक्विला आणि प्रिस्किल्ला या नवरा-बायकोकडे जाते. अक्विला मूळचा पंत प्रांताचा. क्लौद्य बादशहाने यहूद्यांना रोम सोडायला लावलं, म्हणून दोघं करिंथात आली. तिथून इफिसास, पुढे पुन्हा रोमला. पोटापाण्याचा धंदा तंबू करण्याचा. म्हणजे परकं गाव, हातावरचं काम, आणि पुढच्या वर्षी कुठे असू याची खात्री नाही. त्यांनी स्थिरस्थावर होण्याची वाट पाहिली नाही. पौलाला घरात ठेवून घेतलं, अपुल्लो नावाच्या उपदेशकाला बाजूला घेऊन नीट समजावलं, आणि इफिसात व रोममध्ये त्यांच्या घरी मंडळी जमायची. त्यांनी मोठ्या जमावापुढे भाषण केल्याची नोंद नाही. नव्या करारात त्यांची नावं सहा ठिकाणी येतात, आणि सहाही ठिकाणी जोडीने. हे तुझ्या नवऱ्याला वाचून दाखव, पण टोमणा म्हणून नको.

भाषेचं अजूनही अडत असेल तर लक्ष्मीबाई टिळक आठव. नारायण वामन टिळक 1919 मध्ये गेले, तेव्हा ख्रिस्तावरचं त्यांचं महाकाव्य अर्धवट होतं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी, आणि त्या कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या. तुला महाकाव्य लिहायचं नाही. संडे स्कूलमध्ये लहानांच्या वर्गात नुसती मदतनीस म्हणून बसलीस तरी चालेल. चार वर्षांची मुलं उच्चारांवरून कुणाला हसत नाहीत. पण ते पुढच्या वर्षी. एकदम तीन कामं अंगावर घेऊ नकोस. अपराधीपणाच्या भरात घेतलेली कामं फार दिवस टिकत नाहीत.

सध्या एकच कर. शनिवारची वाट न पाहता आजींना आज फोन कर. लांबलचक माफी नको, नाहीतर त्यांनाच तुझी समजूत घालावी लागेल. एवढंच म्हण: "आजी, मी सांगते म्हणाले आणि सांगितलं नाही, चुकलं माझं. या रविवारी येऊ का न्यायला?" त्यांनी दुसरी सोय केली असेल, किंवा त्या आजारी असतील. तसं असलं तर भेटायला कधी येऊ ते विचार. आणि मागच्या सीटवरचा मुलांचा पसारा आजच आवर.